अंजलैची हजेरी

मिनिट्स बुकात ठराव लिहून झाला होता, आणि अंजलै अंगठा द्यायला तयार नव्हती.

तंजावर जिल्ह्यात पापनाशमजवळच्या एका गावातली ग्रामपंचायतीची सभा. साठ सालानंतरची गोष्ट. मी पंचायत युनियनमध्ये, म्हणजे आसपासच्या गावांचा कारभार एकत्र बघणाऱ्या कचेरीत, एक्स्टेन्शन ऑफिसर होतो. सभा कायद्याप्रमाणे चालते का, ते बघणं माझं काम.

सभा प्रेसिडेंटच्या तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर भरायची. प्रेसिडेंट आमच्यातलेच, तंजावरी मराठी. मोठे जमीनदार, आणि माझ्या बायकोचे सख्खे मामा. अंजलै चेरीतली, म्हणजे गावाबाहेरच्या दलित वस्तीतली शेतमजूर बाई. राखीव जागेवर बिनविरोध निवडून आलेली. दर सभेला ती ओट्याखाली रस्त्यात उन्हात उभी राहायची, आणि शेवटी अंगठ्यासाठी बुक खाली धरलं जायचं. मी दोनदा हे पाहिलं होतं आणि गप्प बसलो होतो. तेही लिहून ठेवतो.

त्या दिवशीचा ठराव विहिरीचा. चेरीसाठी मंजूर झालेली विहीर मामांच्या नारळीच्या बागेजवळ हलवायची होती. चेरीतल्या बायका कालव्याचं पाणी प्यायच्या; उन्हाळ्यात कालवा बंद झाला की चिखलात खड्डे खणायच्या. दोन सभासद तिरुवैयारुला लग्नाला गेलेले. अंजलै हजर धरली तरच कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, पुरा होत होता.

“अंगठा दे,” क्लार्क म्हणाला.

“कशाला? मी सभेत नाही. सभा वर आहे, मी रस्त्यात आहे. रस्त्यातल्या बाईची हजेरी कशी लावता?”

वर कुणीतरी हसलं. ती माझ्याकडे वळली. “ऐया, तुम्ही कायदा बघायला येता ना? सांगा, मी आत आहे की बाहेर?”

मामा माझ्याशी मराठीत बोलले, इतरांना कळू नये म्हणून. “हजर आहे म्हणून सांग नि मोकळा हो. घरचा माणूस तू.”

माझं लग्न मामांनीच जमवलं होतं. त्यांच्यापुढे मी कधी मान वर केली नव्हती. मी उत्तर तमिळमध्ये दिलं, सगळ्यांना कळावं म्हणून.

“त्या बरोबर बोलतायत. बसायला जागा नाही, तर हजेरीही नाही. कोरम नाही, सभा रद्द. पुढची सभा शाळेत होईल.”

“माझ्याच ओट्यावर बसून मला कायदा शिकवतोस?” मामाही आता तमिळवर आले होते.

मी खाली उतरलो आणि रस्त्यात उभं राहून बुकात शेरा लिहिला. अंजलैने तो वाचून दाखवायला लावला. दोनदा.

दुसऱ्या दिवशी बीडीओंनी, म्हणजे माझ्या साहेबांनी, बोलावलं.

“जरा अॅडजस्ट करायचं होतं, राव.”

“तसं लेखी द्या, सर. कालची सभा आजच कायदेशीर धरतो.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. “जा,” म्हणाले.

पुढची सभा शाळेत भरली. मामा आले, पण अंजलै बाकावर बसलेली पाहून शेवटपर्यंत उभेच राहिले. लग्नाहून परतलेले दोघं अंजलैच्या बाजूने गेले. त्यातल्या एकाचं मामांशी बांधावरून भांडण होतं, हेही खरं. विहीर हलवायचा ठराव एका मताच्या फरकाने पडला. विहीर चेरीत खणली गेली, आणि पाणी गोड लागलं.

मामांनी आम्हांला पुन्हा कुठल्या कार्याला बोलावलं नाही. बायको त्यावर एवढंच म्हणाली, “बरं केलंत.” दोन महिन्यांत माझी बदली झाली, पार रामनाथपुरमकडच्या कोरड्या मुलखात.

नव्या अधिकाऱ्यांना मी पुढे एकच सांगत असे. वरून तोंडी हुकूम आला की तो लेखी मागा. बहुतेक हुकूम तिथेच मरतात. बदली मात्र लेखीच येते.