बोटीवरून न आलेलं पत्र

चहाचे कप मांडण्याआधी शेजारचे काका टेबलावरचं कापड पाण्याने ओलं करायचे. प्रवासी बोटींवर जेवण वाढण्यात त्यांचा जन्म गेला होता. बोट डोलली की कोरड्या कापडावरून बश्या घसरतात, ओल्यावर बसून राहतात. पण हे टेबल लालबागला, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. मी खुसुखुसु हसायचे. विचारायचे, काका, चाळ डोलते का हो?

"दर्याचो काय भरवसो गो," ते म्हणायचे.

त्यांच्या बोटी विमानांनी खाल्ल्या, तसे ते घरी बसले. त्या बोटी माणसं पोचवायच्या, असं ते सांगत. कोणी शिकायला, कोणी नवऱ्याकडे, कोणी कायमचं. धक्क्यावर रडारड अशी की भोंगा ऐकू येऊ नये. तुमच्याही शेजारी असा एखादा असेल. तो सांगत असतो, आपण हूं हूं करत भाजी निवडतो.

मग संप आला. गिरणी बंद, आमचे हे घरी. सात-आठ महिन्यांनी हे काकांकडे गेले. काकांचा एक जुना साहेब परदेशात सहलीच्या नव्या बोटींवर कामाला माणसं भरायचा. काकांनी लगेच पत्र लिहायला घेतलं.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची, दोन मुलांची आई आणि अक्कल पाचवीतली. माझा एक मामा बोटीवर गेला तो परतलाच नाही, एवढ्या भूगोलावर मी दुसऱ्या दिवशी काकांच्या दारात उभी राहिले. म्हटलं, पत्र टाकू नका. आणि यांना कळू देऊ नका.

काकांनी विचारलं, "तेका काय सांगू?"

"उत्तर आलं नाही म्हणा."

हे दर आठवड्याला विचारायचे. काका म्हणायचे, "टपाल लांबसून येवचा, येळ लागतलोच." वर्ष गेलं. हे एका इमारतीवर वॉचमन झाले आणि म्हणू लागले, म्हातारा थापाड्या, बोट बघितली तरी असेल का. चाळीने ते उचललं. काका ऐकून घ्यायचे. जिन्यात मी दिसले की बाजूला होऊन वाट द्यायचे, आणि मी महामाया पदर सावरत निघून जायचे. ते कायमचे गावी निघाले तेव्हा हे खालीसुद्धा उतरले नाहीत. पुढे काका तिकडेच वारले.

गेल्या वर्षी नातीने आम्हा दोघांना अवाढव्य बोटीवर नेलं. लिफ्ट, दुकानं, घसरगुंड्या. आख्खं लालबाग मावेल आणि कप जागचा हलणार नाही. निघताना धक्क्यावर कोणी रडलं नाही. रडणार कशाला? बोट समुद्रात गिरकी घेते आणि तिसऱ्या दिवशी होतो तिथेच आणून सोडते.

हे मात्र दोन्ही दिवस जेवण वाढणाऱ्यांकडेच बघत होते. दुपारी कठड्याशी म्हणाले, "थापाड्या होता, पण वर्णन कसं बरोबर करायचा गं."

तेव्हा मी पत्राचं सांगून टाकलं.

ओरडले असते तर बरं झालं असतं. मग हळूच म्हणाले, "ती बोट कुठं जाणार होती?"

मला ठाऊक नव्हतं. ते फक्त काकांना ठाऊक होतं.