मुठीतली पृथ्वी

कुसुमताई गेल्याचं कळलं तेव्हा मी कराडच्या मंडईत भाजी घेत होते. शेजारच्या सुमननं हात धरून बाजूला घेतलं आणि म्हणाली, "ताई गेल्या गं... पहाटे, सांगलीच्या दवाखान्यात." निवडलेली मेथी तशीच टाकून मी घरी आले. त्याला आता महिना होत आला, तरी रविवार उजाडला की पाय आपोआप मलकापूरच्या वाटेला लागतात.

ताई मूळच्या कडेगावच्या. मलकापुरात बालवाडी चालवायच्या आणि रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात आकाशाचा वर्ग भरायचा. अट एकच, पोराबरोबर घरातलं मोठं माणूस हवं. माझी मुक्ता तेव्हा पाच वर्षांची. ताईंनी पायरीवर भोपळा ठेवला, तो सूर्य. मुक्ताच्या तळहातावर मोहरीचा दाणा ठेवला, ती पृथ्वी. "आता पृथ्वी तिच्या जागेवर नेऊन ठेव," म्हणाल्या. मुक्ता चालायला लागली. अंगण संपलं, मी तिचं बोट धरून रस्ता ओलांडला, पिठाची गिरणी आली, तेव्हा कुठं ताईंची हाक आली, "हां, तिथं!" वळून पाहिलं तर भोपळा एवढासा दिसत होता. लेकीच्या मुठीत पृथ्वी, आणि आपण तिच्यावर कुठंतरी...

मग पंचाण्णव सालचं, दिवाळीतलं ग्रहण आलं. सासूबाईंनी सकाळीच दारं लावून घेतली. मुक्ता रडून लाल झालेली. तेवढ्यात ताई दारात हजर.

"मावशी, पोरीला न्यायला आलेय."

"न्हाई म्हंजे न्हाई! डोळं जातील तिचं."

"खरं हाय तुमचं. वर बघितलं तर जातीलच. म्हणून आपण सूर्याकडं पाठ करून उभं ऱ्हायचं. आवं, तुमीच चला की! वर बघायला लागली तर डोकं धरा तिचं."

सासूबाई पुटपुटत का होईना, निघाल्या. ताईंच्या कडुनिंबाखाली मुक्ताचं डोकं घट्ट धरून उभ्या राहिल्या. पानांतून खाली पडणारा उन्हाचा एकेक ठिपका हळूहळू कोरीसारखा होत गेला. मुक्ताचा झगा चंद्रकोरींनी भरला. ती त्या चिमटीत धरू पाहत होती. "आगं बया, माझ्या लुगड्यावर बी उतरल्यात की!" म्हणत सासूबाईंनी पदरच पसरला. घरी आल्यावर त्यांनी ग्रहणाची आंघोळ केलीच, पण पुढच्या रविवारी मुक्ताला घेऊन वर्गाला त्याच गेल्या.

यंदा ताईंचा दम्याचा त्रास वाढला. सांगलीला भेटायला गेले तर खाटेवरून म्हणाल्या, "इथली खिडकी उत्तरेला हाय गं. ऊन येतच न्हाई..." त्यांचं माझ्याशी तेवढंच बोलणं झालं.

परवा त्यांच्या घरी गेले. त्यांचे यजमान अण्णा माजघरात अंधारात बसलेले. खिडकीला ताईंनी पोरांसाठी चिकटवलेला काळा कागद, त्याला बारीक भोक. समोरच्या भिंतीवर बाहेरचा सगळा रस्ता उलटा उतरला होता. सायकली, माणसं, एक शेळी, सगळं डोकं खाली करून चाललेलं. कागद काढू का, मी विचारलं.

"नगं," अण्णा म्हणाले. "बाजारातनं यायची तवा कडी वाजायच्या आधी मला हितं दिसायची. पिशवी वर, डोकं खाली."

मी त्यांच्या शेजारी बसले. भिंतीवरून हिरव्या साडीतली कुणीतरी बाई चालली होती. ती दाराशी येईपर्यंत आम्ही दोघंही कडीकडं कान लावून बसलो. ती पुढं निघून गेली.