कुत्रा जगला का?

बंगळुरूजवळच्या येलहंक्यात आमचे सर रविवारी लेखनाचा वर्ग घेतात. सर बेळगावकडचे, त्यामुळे बोलताना मध्येच कानडी वळणाने "स्वल्प थांबा" म्हणतात. वर्गात माझ्यासारखे आयटीवाले, काही गृहिणी आणि हवाई दलातून निवृत्त झालेले एक काका. "मला कल्पना सुचत नाहीत," म्हणणाऱ्या काकांना डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहिता येतं. त्यांची प्रेमकथासुद्धा हवामानाच्या अंदाजासारखी वाटते.

सर सिनेमा दाखवतात आणि शेवट जवळ आला की बंद करतात. "पुढचं तुम्ही लिहा!" म्हणत रिमोट शर्टाच्या खिशात टाकतात. आम्ही जाम वैतागतो.

गेल्या रविवारच्या सिनेमात एक म्हातारा कुत्रा होता. सरांनी सिनेमा थांबवताच काकांनी त्यांच्या खिशातून रिमोट काढला आणि सिनेमा पुन्हा सुरू केला. सर कानांत बोटं घालून थेट व्हरांड्यात पळाले. तेव्हा कुठे आम्हाला कळलं, शेवट त्यांनाच बघवत नाही!

कुत्रा मेला. सगळे नाक ओढत बसलो. दारातून सरांचं डोकं आत आलं.

"जगला ना हो?"

काका घसा खाकरून म्हणाले, "जगला, सर. पिल्लंही झाली त्याला."

सरांनी आमच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं आणि काकांच्या पाठीवर थाप मारली. "बघा! आणि म्हणे, मला कल्पना सुचत नाहीत."