प्रेमानंदनं बहिणीला गाडी शिकवली

नागपूरच्या इंदोऱ्यातला प्रेमानंद मेश्राम आता पानठेल्यावर उभा राहून स्वतःचीच टर उडवतो, आणि ऐकणाऱ्यांना हसता हसता ठसका लागतो. पण हे घडलं, तेव्हा त्याला हसू आलं नव्हतं.

लायसन मिळालं त्या वर्षी हा पोरगा काय सभ्य होता म्हणता! स्कुटी अशी चालवायचा, जणू डिक्कीत अंडी भरलीत. वळण यायच्या कितीतरी आधी इंडिकेटर. वळून झाल्यावर तो बंद करायचा राहून जायचा, तो भाग वेगळा. आता मे महिन्यात नागपुरात सिग्नलवर पांढऱ्या पट्ट्याजवळ कोणी थांबतं का? सगळे मागच्या कडुलिंबाच्या सावलीत थांबतात. हा एकटा शहाणा पुढं पट्ट्यावर, भर उन्हात, घाम निथळत. सावलीतले ओरडायचे, "काहून गा, सरकारचा जावई हायेस का?"

हे सोंग वर्षभर टिकलं. मग तो सावलीत आला. पुढं सावलीतूनच, सिग्नल हिरवा व्हायच्या आत सुटू लागला. इंडिकेटरचं काम पायाकडे गेलं. उजवीकडे वळायचं तर उजवी तंगडी बाहेर. मोबाइल खांदा आणि कानाच्या मध्ये. आपल्याला आता गाडी येते, असं त्याचं ठाम मत झालं. "अक्कल जसजशी कमी होत गेली, तसतसं मत ठाम होत गेलं," हे त्याचेच शब्द.

अशात धाकट्या बहिणीला, रोशनीला, नर्सची नोकरी लागली. भिवापूरकडच्या खेड्यांत घरोघरी फिरून म्हाताऱ्यांना तपासायचं काम. अट एकच, रुजू व्हायच्या आधी गाडीचं लायसन हवं. नाहीतर जागा दुसरीला. रोशनीला ही नोकरी जिवापाड हवी होती.

"काळजी कायले करतं वं? मी शिकवतो ना!" प्रेमानंद म्हणाला. आणि शिकवलं बरं का, मन लावून शिकवलं.

परीक्षेच्या मैदानावर आरटीओचे साहेब म्हणाले, उजवीकडे वळा. रोशनीनं झोकात तंगडी बाहेर काढली. साहेब म्हणाले, पांढऱ्या पट्ट्यावर थांबा. ती पट्ट्याच्या बरीच अलीकडे, बाभळीच्या सावलीत जाऊन थांबली. साहेबांनी कपाळाला हात लावला. "कोणी शिकवलं वं बाई तुले?"

"माह्या दादानं!" तिनं अभिमानानं बोट दाखवलं. दादानं मोबाइलमध्ये तोंड खुपसलं.

नापास. पुन्हा परीक्षा देता येणार होती, पण रुजू व्हायची तारीख तोंडावर आली होती. रोशनीचे डोळे भरून आले. "रडू नको," प्रेमानंद म्हणाला. "घरापर्यंत तूच चालव. कुठं चुकतं, ते मी मागून पाहतो."

आणि जन्मात पहिल्यांदा प्रेमानंदनं आपलं ड्रायव्हिंग मागच्या सीटवरून पाहिली. ट्रक आणि ऑटोच्या मधल्या फटीत तिनं स्कुटी घुसवली, तेव्हा त्याचे गुडघे दोन्हीकडून घासता घासता राहिले. "अवं, मारतं का मले? थांबव!"

रोशनीनं गाडी कडेला घेतली. "काय झालं गा दादा? तू तं रोज अशीच काढतो."

"मंग तुले भेव नाही लागत?"

"लागते ना. मले वाटलं, मागं बसणाऱ्याले लागतच असते. मी तं डोळे मिटूनच बसते."

प्रेमानंदला लाज वाटली, फार लाज वाटली. नर्सिंगच्या कॉलेजात तोच तिला रोज सोडायला जायचा, आणि रस्ताभर ती डोळे मिटून बसायची.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणीची रीत बदलली. ती चालवणार, हा मागं बसणार. याला भेव लागलं की तिचं चुकलं. बिचारा घशाला कोरड पडेपर्यंत ओरडला, पण पोरगी पास झाली, वेळेत झाली.

भिवापूरला जायच्या दिवशी त्यानंच तिला बसस्टँडवर सोडलं. इतक्या हळू, की सायकलवाले पुढं निघून गेले. अर्ध्या रस्त्यात न राहवून त्यानं विचारलं, "डोळे उघडे हायेत का वं?"

"हायेत," ती म्हणाली.