खरा मालक विचारणारी मंगलताई

नामपल्ली स्टेशनवर मी नांदेडहून येणाऱ्या मावशीची वाट बघत होते, तेव्हा दवाखान्यातून फोन आला. मंगलताई गेली. मावशी आजारी लेकीला भेटायलाच येत होती... गाडी फलाटाला लागली आणि तिला कसं सांगावं ते मला सुचेना.

मंगलताई माझी मावसबहीण. इथंच शहरात, हिमायतनगरच्या घरात आम्ही दोघी राहायचो. तिची सगळी नोकरी बँकांच्या तपासणीत गेली. निवृत्तीनंतर एका छोट्या बेटदेशानं तिला सल्लागार नेमलं. तो देश सगळा पर्यटकांवर जगणारा. साथीत विमानं बंद पडली आणि घरोघरी हाल झाले. तेव्हा परदेशी बँका, विमा कंपन्या आपल्याकडे आणायच्या, देशाला दुसरा आधार उभा करायचा, असं सरकारनं ठरवलं. त्याचे नियम ताई घरात बसून लिहीत होती.

एका अटीवर ती अडून बसली. कंपनीचा खरा मालक कळल्याशिवाय परवाना नाही. शेजारचं बेट काहीही न विचारता परवाने वाटत होतं, कंपन्या तिकडे वळत होत्या. एकदा मी चहा घेऊन गेले, तर संगणकाच्या पडद्यावर ताईला नेमणाऱ्या सरकारातली तरुण अधिकारी मरियम रडवेली झालेली.

"मॅडम, माझा भाऊ घरी बसलाय. त्यानं अजून किती थांबायचं?"

ताई म्हणाली, "चोरांचा पैसा आला, तर उद्या जगातल्या बँका तुमच्याशी व्यवहार तोडतील. मग त्याला काम कोण देईल?"

कॉल संपल्यावर मात्र मला म्हणाली, "लई परेशान झाले गं. माझं चुकलं तर त्या पोरांचं काय?"

तिचं जेवण तुटलं. "सोडून दे ना," मी म्हटलं.

"नक्को. मी सोडलं की ते अटच काढून टाकतील."

छातीत दुखायला लागलं म्हणून सिकंदराबादच्या दवाखान्यात नेलं, तिथंही तिचा एकच प्रश्न, "तिकडं संसदेत अटीवर मतदान झालं का?" झालं नव्हतं...

परवा मरियमचा फोन आला. अट मंजूर झाली. मालकाचं नाव लपवणाऱ्या एका बड्या कंपनीला त्यांनी परत पाठवलं. एक छोटी विमा कंपनी आलीय. भाऊ अजून घरीच आहे.

"आम्ही बरोबर केलं ना?" तिनं विचारलं.

काळजी लागली की ताई गॅलरीत येरझाऱ्या घालायची, एक हात भिंतीला लावून. तिथला रंग उडालाय. मावशी आता माझ्याकडेच असते. गेल्या आठवड्यात रंगारी आला, तेव्हा ती त्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"ही नक्को," म्हणाली.