वहिनींचा डबा आणि माझा फोन

वहिनी गेल्या त्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडेच निघालो होतो. आदल्या दिवशी अर्धवट राहिलेलं एक बोलणं पुरं करायचं होतं, त्याची मनाशी जुळवाजुळवही झाली होती. कोल्हापुरात उद्यमनगरच्या वळणावर पुतण्याचा फोन आला. गाडी कडेला घेतली. "काका, सावकाश या," तो म्हणाला, "आता घाई नाही." समोर एका टेम्पोत ओतकामाचे सुटे भाग भरत होते, त्यांचा खणखणाट चालला होता, आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून ते सगळं बोलणं पहिल्यापासून पुन्हा एकदा म्हणून बघितलं... ऐकणारं माणूस उरलं नव्हतं. त्याला आता दीड महिना होऊन गेला. आठवणी लिहायला बसलोय खरा, पण ते बोलणं वगळून वहिनींबद्दल काही लिहिता येत नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो. वहिनींपासून मी एक गोष्ट लपवली, आणि तिची किंमत शाहूवाडीकडच्या एका वाडीतल्या बायकापोरांनी मोजली.

शालनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर शिरोळ तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. दादांची फौंड्री होती, मीही तिथंच होतो, पण नावाला. दादा होते तोवर दादांचा भाऊ, दादा गेल्यावर पोरांचा काका. दादांच्या माघारी वहिनींनी आपल्या वाट्याची जागा विकली आणि त्यातून एक ट्रस्ट काढायचं ठरवलं. पहिली बैठक त्यांच्याच पुढच्या खोलीत झाली. सी.ए. म्हणाले, पेपरात जाहिरात देऊन प्रस्ताव मागवू. मी म्हणालो, रुग्णवाहिका घेऊ आणि तिच्यावर दादांचं नाव घालू. वहिनी शेंगा फोडत बसल्या होत्या. "नाव कशाला घालायचं? मला पाठ हाय की त्यांचं नाव," म्हणाल्या. मग त्यांनीच हद्द घालून दिली. "जिथं जाऊन दिवेलागणीला घरी परत येता येतंय, तिथवरच द्यायचं. त्याच्या म्होरलं आपल्याला कळत न्हाय." सी.ए. बिचारे नकाशा उघडून बसले होते. त्यांनी विचारलं, मग वर्तुळ केवढं काढू? वहिनी म्हणाल्या, "पावसाळ्यात ल्हान काढा, उन्हाळ्यात मोठं."

आणखी दोन गोष्टी त्यांनी ठरवल्या होत्या. ज्यांनी मागितलंय त्यांना आपल्या दारात बोलवायचं नाही, आपण त्यांच्याकडं जायचं, आणि तेही न कळवता. "सांगून गेलं की सत्यनारायण दिसतो, घर दिसत न्हाय." आणि तिथं त्यांच्या चुलीवर जे शिजलं असेल ते चार घास खाऊन यायचं. शिरोळकडच्या एका गावात शिवणकाम करणाऱ्या बायकांनी नव्या मशिनी मागितल्या होत्या, आधीच्या मशिनी पुरात भिजल्या होत्या. वहिनी मशिनींकडं बघेनातच, भिंत बघत राहिल्या. "पाणी कुठवर आलतं?" एकीनं हात डोक्याच्या वर नेला. "मग नव्या मशिनींना पवायला येतंय व्हय?" सगळ्या हसल्या. वहिनींनी जुन्या मशिनी दुरुस्त करून दिल्या, छपराखाली मजबूत माळा घालून दिला, आणि मशिनी वर ओढायला फौंड्रीत असते तशी साखळीची कप्पी. पुढच्या पुरात त्या बायकांनी आपल्या हातानं मशिनी वर चढवल्या. त्या संध्याकाळी वहिनींचा चेहरा बघायला हवा होता... माहेरचा पूर त्यांना लहानपणापासून ठाऊक होता, पण त्याला चकवल्याचा आनंद पहिल्यांदाच मिळाला असावा.

फोनचं सुरू झालं ते जोतिबाच्या डोंगरावरनं. तिथं गुलाल-खोबऱ्याचं दुकान चालवणारी एक बाई मागच्या खोलीत संध्याकाळी मुलींना अभ्यासाला बसवायची. आम्ही असेच न सांगता गेलो. ती धुणं धूत होती, साडी ओलीचिंब, घरात दूध नाही. एका हातानं ओली साडी सावरत तिनं कोरा चहा पुढं केला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते बघवेना. पुढच्या खेपेपासून मी आदल्या दिवशी हळूच फोन करायला लागलो. उद्या आम्ही येतोय, मी कळवलं म्हणून सांगू नका. लोकांची लाज राखतोय, असं मी स्वतःला समजावलं. ते खोटं नव्हतं, पण पुरं खरंही नव्हतं. फोन केला की माणसं गाडीच्या दाराशी येऊन थांबायची, "या साहेब" म्हणायची. फौंड्रीत मला कुणी कधी साहेब म्हटलं नव्हतं. त्याची मला चटक लागली.

शाहूवाडीकडच्या त्या वाडीत सुनंदा नावाची बाई पाळणाघर चालवायची. भाताच्या लावणीत बायका सकाळी चिखलात उतरतात त्या अंधार पडताना वर येतात. रांगती पोरं ठेवायची कुठं? कुणी बांधावर छत्रीखाली ठेवतं, कुणी शाळेत जाणाऱ्या थोरल्या मुलीला घरी बसवतं. सुनंदानं बुद्धविहाराशेजारच्या खोलीत ती सगळी पोरं गोळा केली होती. तिचं मागणं एवढंच होतं, की छपराला पत्रे, मागच्या भिंतीची डागडुजी आणि मदतीला एक बाई. मी नेहमीप्रमाणं आदल्या दिवशी फोन केला. दुसऱ्या दिवशी पोचलो तर शाळेची सतरंजी अंथरलेली, तरुण मंडळाच्या खुर्च्या मांडलेल्या, पोरं पावडर लावून ओळीनं बसलेली. खोकणारी पोरं त्या दिवशी घरीच ठेवली होती, हे मला मागाहून कळलं. मागच्या भिंतीवर कसलासा मोठा फ्लेक्स उलटा करून, पांढरी बाजू पुढं घेऊन लावला होता. सुनंदानं दारातच जरा चाचरत विचारलं, "आमच्याकडं जेवशीला न्हवं?" वहिनी चप्पल काढत म्हणाल्या, "मग काय नुसता वास घिऊन जाऊ व्हय?" सुनंदा पदर तोंडाला लावून हसली, आणि आतल्या बायकाही हसल्या.

कोंबडीचा रस्सा होता, तांदळाच्या भाकरी होत्या. वहिनी मांडी घालून पोटभर जेवल्या. हात धुऊन मी उठताना आधाराला म्हणून त्या फ्लेक्सवर हात टेकला. फ्लेक्स आत गेला आणि मागचं पाणी माझ्या मनगटावरनं ओघळलं. भिंत भिजून भुसभुशीत झाली होती. सुनंदानं बघितलं, आणि तिनं बघितलेलं मीही बघितलं. तिनं माझ्या हातात टॉवेल दिला. मी हात पुसला. परतताना घाट उतरून आल्यावर वहिनी म्हणाल्या, "बरं चाललंय की तिचं. खोली कोरडी, पोरं गुटगुटीत. आपण दुसरीकडं बघू भावजी, जिथं नड हाय तिथं." भिंत ओली आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण मग ती झाकली का, आपण येणार हे त्यांना कुणी सांगितलं, हे प्रश्न आले असते. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. शर्टाची बाही अजून ओली होती, ती दुमडून घेतली.

महिन्याभरानं सुनंदाचा फोन आला. "साहेब, आमच्याकडनं काय कमी पडलं काय?" मी म्हणालो, छे छे, या वर्षाचा निधीच संपला. तिनं "बरं" म्हटलं. मग म्हणाली, "रस्सा तिखट झालता काय वो?"

पुढच्या पावसात ती भिंत पडली. सकाळी पोरं यायच्या आधी पडली, म्हणून कुणाला लागलं नाही. पाळणाघर बंद झालं, सुनंदा पुन्हा चिखलात उतरली, आणि वाडीतल्या थोरल्या मुली शाळा सोडून धाकट्यांना राखायला घरी बसल्या. त्यातली एक सुनंदाचीच होती. तिथले एक गुरुजी मला कोल्हापुरात भेटले, त्यांनी सहज बोलता बोलता हे सांगितलं. मी त्यांना चहा पाजला.

त्याच सुमाराला वहिनींनी डबा न्यायला सुरुवात केली. दादा फौंड्रीत न्यायचे तो तीन पुडाचा स्टीलचा डबा, झाकणावर दादांचं नाव कोरलेला. भाकरी, झुणका, मिरचीचा खर्डा. गेल्या घरी तो उघडायचा, सगळ्यांना वाढायचं. "कुणाची कोंबडी आपल्यापायी मरायला नको," म्हणाल्या. मी घाईनं विचारलं, "कुणी काय बोललं का वहिनी?" "कोण बोलणार? मला भूक लागती, म्हणून आणतो," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं... का मला तसं वाटलं, देव जाणे. फोन मी तरीही करत राहिलो. स्वयंपाक करू नका, एवढं वाढवून.

शेवटच्या भेटीत त्या पुढच्याच खोलीत कॉटवर पडून होत्या. सूनबाई चमच्यानं पेज भरवून आत गेली, तेव्हा मी धीर केला. "वहिनी, शाहूवाडीचं ते पाळणाघर... त्या दिवशी मी..." डोळे मिटलेलेच होते. "जाऊन या," म्हणाल्या. मी म्हणालो, "जातो, पण त्या दिवशी..." "डबा घिऊन जावा." मग दम लागला, त्या थांबल्या. "आणि दिवेलागणीच्या आत या." त्यांना सगळं ठाऊक होतं, का बोलण्याच्या ओघात आलं, हे मला आता कधीच कळणार नाही. त्या दमल्या होत्या. मी म्हटलं, उद्या सकाळी येऊन पुरं सांगू.

गेल्या आठवड्यात गेलो. सूनबाईनं डबा भरून दिला. वाटेत हात दोनदा खिशातल्या फोनकडं गेला. सुनंदा अंगणात वाळत घातलेलं भात पायानं हलवत होती, साडी खोचलेली, केसांत कोंडा. मला बघून तिनं आधी पदर सारखा केला. "आगं बया, साहेब? फोन तरी करायचा की. घरात काय बी न्हाय." मग माझ्या मागं गाडीकडं बघत म्हणाली, "वैनी कुटं हायत?" मी सांगितलं. ती तिथंच जोत्यावर बसली. पाळणाघराच्या खोलीला मागची भिंत नव्हती, आत पेंढ्या रचल्या होत्या. मीही तिच्याशेजारी टेकलो, आणि वहिनींसाठी जुळवलेलं ते बोलणं तिला ऐकवलं. फोन मी केला होता. भिंत मी बघितली होती. मी गप्प बसलो.

सुनंदा बराच वेळ हातातली भाताची लोंबी चुरत राहिली. "फोन तुमी केलासा. भित आमीच झाकली की," ती म्हणाली. "पावण्याला वल्या भितीजवळ कोण बसवतंय?" मला हलकं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात ती पुढं म्हणाली, "पर माझ्या थोरलीची शाळा गेली ती गेलीच, साहेब. तेवढं मातर इसरू नका." मी मान हलवली. नंतर तिनं आतून एक कांदा आणून बुक्कीनं फोडला, आणि आम्ही त्या जोत्यावर वहिनींचा डबा उघडला. खर्डा जिभेवर ठेवून ती म्हणाली, "लई तिखट खाईत हुत्या वो... आन मी म्हणत हुतो, रस्साच नडला आसंल."

भिंत आणि पत्रे ट्रस्टनं मान्य केलेत, काम पावसाच्या आत व्हायचं आहे. त्या थोरल्या मुलीचं काय करता येईल, ते मला अजून कळलेलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन तिच्याशीच बोलणार आहे.

त्या दिवशी दिवेलागणीला वहिनींच्या घरी पोचलो. सूनबाईनं डबा घासायला घेतला आणि थांबली. रिकामं भांडं कुणी माघारी देत नाही, सुनंदानं तिन्ही पुडांत नवा तांदूळ भरला होता. सूनबाईनं तो सुपात ओतला, डबा धुऊन पुसला, झाकणावरचं नाव पदरानं कोरडं केलं आणि विचारलं, "काका, हा आता माळ्यावर ठेवू का?"

"नको," मी म्हणालो, "खालीच असू दे. हाताला येईल असा."