दोरीवरच्या तीनशे उड्या

माझ्या थोरल्या नणंदेच्या मते जगातलं प्रत्येक दुःख वाकलेल्या पाठीतून सुरू होतं. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण गळ्यातली शिट्टी काही उतरली नाही. एका नातलगाच्या मयतीला गेल्या, तर रडणाऱ्या सुनेच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "रड, पन सरळ बसून रड." माझ्या पुतणीला पाहायला आलेल्या मुलाला त्यांनी हाताचा आधार न घेता सतरंजीवरून उठायला लावलं. त्याला जमलं नाही, आणि ताईंनी तिथल्या तिथे नकार कळवून टाकला. मुलगा सरकारी नोकरीत होता. माझे दीर महिनाभर ताईंशी बोलत नव्हते.

रोज सकाळी साडेपाचला कॉलनीच्या मैदानावर त्या बायकांचा वर्ग घेत, तोही फुकट. भर मे महिन्यातसुद्धा अंगात गडद निळा ट्रॅकसूट. अठ्ठावन्नाव्या वर्षी दोरीवरच्या तीनशे उड्या, एका दमात. मैदानावरचे नियम दोनच. जोर लावताना श्वास रोखायचा आणि वर्ग संपेपर्यंत मैदान सोडायचं नाही. कुणी मधूनच घराकडे वळली की शिट्टी वाजे. वर्ग कायमचा सोडणाऱ्या बायकांना तर त्या नाव घेऊन कामचोर म्हणत. शिवाय येणाऱ्या प्रत्येकीला घरून दोन तांबे पाणी पिऊन यायची सक्ती होती. अशी बाई कधी आजारी पडेल हे आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

गेल्या मे महिन्यात त्या मैदानावर उभ्या उभ्या कोसळल्या. सगळ्यांनी ऊन लागलं म्हटलं. कुणी कांदा हुंगवला, कुणी पन्हं आणलं, पण ताईंनी पन्ह्याला तोंड लावलं नाही. दवाखान्यात सलाइन लावताना डॉक्टरांनी पाणी किती पिता असं विचारलं, तेव्हा मीच तोऱ्यात सांगितलं, की यांच्याइतकं पाणी अख्ख्या अमरावतीत कुणी पीत नसेल. ताई भिंतीकडे पाहत होत्या.

आठवड्याभरानं त्या मला म्हणाल्या, चल, अकोल्याला साड्या पाहून येऊ. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, कारण ताईंनी जन्मात हौसेनं साडी पाहिलेली नाही. अकोल्याला उतरल्यावर ऑटो थांबला तो एका फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यापाशी. गावात कुणाला कळू नये म्हणून एवढा प्रवास. आत तिशीतली एक मुसलमान डॉक्टर होती. तिनं शांतपणे विचारलं, उडी मारताना, शिंकताना लघवी सुटते का? मला तर हसूच आलं. ताईंना असलं विचारणं म्हणजे काय.

"सहा वर्सं झाले," ताई म्हणाल्या.

माझं हसू जागच्या जागी गोठलं. पुढचं ऐकताना मी खुर्चीची कड धरून बसले होते. रोज आदल्या संध्याकाळपासून वर्ग संपेपर्यंत या बाई पाण्याचा थेंब घेत नव्हत्या. वऱ्हाडात, मे महिन्यात. तो गडद निळा ट्रॅकसूट ओल दिसू नये म्हणूनच होता. आणि त्रास सुरू झाल्यावर त्यांनी काय केलं असेल? शरीर आळशी झालंय असं ठरवून दोनशे उड्यांच्या तीनशे केल्या.

डॉक्टरनं तपासून सगळं समजावलं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. बाळंतपणं, वय आणि वर्षानुवर्षं श्वास रोखून दिलेला जोर यांनी ती दमते. भरपूर व्यायाम करणाऱ्या बायकांनाही हे होतं, पण ते निमूट सोसायचं नसतं. पाणी तोडल्यानं तर जळजळ आणि घाई उलट वाढते. मग ती जरा हसून म्हणाली, "मॅडम, आवळनं तुमाले जमते. ढिलं सोडनं जमत नाही." जोर लावताना श्वास सोडायचा, हे ताई आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"उड्या बंद कराव्या लागन का?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता. मैदान गेलं तर या बाईजवळ काय उरेल, हा विचार मला पहिल्यांदा शिवला. डॉक्टर म्हणाली, काही महिने बंद, मग हळूहळू पुन्हा सुरू. ताईंनी पर्समधून रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसला. परतताना त्या बाटलीभर पाणी प्यायल्या आणि मूर्तिजापूरला कंडक्टरला सांगून त्यांनी बस थांबवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी सोबतीला गेले होते. तीस बायकांसमोर, शाळेच्या प्रार्थनेला लावायच्या त्या आवाजात ताई म्हणाल्या, "मी सहा वर्सं चड्डीत मुतून राहिली अन् तुमाले श्वास रोखाले सांगून राहिली. दोनी चुकलं." धरणीनं मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. दोघीतिघी फिदीफिदी हसल्या. मग मागच्या रांगेतली एक बाई रडायला लागली आणि हसणं थांबलं.

त्यानंतर महिनाभर ताई कामचोर ठरवलेल्या एकेकीच्या घरी जात होत्या. चहा नको म्हणायच्या, माफी मागायच्या आणि तिथेच श्वास सोडायला शिकवायच्या. सगळ्यात शेवटी त्या माझ्याकडे आल्या. चार वर्षांपूर्वी मीही गुडघ्याचं कारण सांगून वर्ग सोडला होता.

"कोनता टोंगया दुखत होता वं तुहा?"

मी उजवा म्हणाले.

"तवा तं डावा सांगतला होता."

धाकट्याच्या बाळंतपणापासूनची ती गोष्ट मी नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती. ती एका वाक्यात बोलून झाली. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"अकोल्याले माह्या बाजूच्या खुर्चीत बसली होती ना तू," त्या म्हणाल्या. "तवा काहून नाही बोलली?"